न विचारता ठेवलेल्या बंदुका

सोमवारी सकाळी नोरीन हॅच दूध आणि अंडी घ्यायला दुकानात आली. गल्ल्यापाशी आल्यावर म्हणाली, "ओडेट, गुरुवारी तू काँकर्डला चाललीयेस ना?"

"हो."

"मलाही यायचंय. माझ्या गाडीने परवापासून संप केलाय, गिअरच पडत नाही. नेशील मला?"

ओडेट पेल्कीने दुधाची बाटली पिशवीत घातली, अंड्यांचा पुठ्ठा जपून वर ठेवला आणि "नेईन की" म्हणाली. 

दोघी एकाच सुनावणीला निघाल्या होत्या. राज्याच्या राजधानीत, काँकर्डला, विधानसभेत एक विधेयक आलं होतं. घरातल्या माणसाचं मन ठिकाणावर राहिलं नाही, तर घरच्यांनी न्यायाधीशाकडे जायचं आणि न्यायाधीशाने त्या माणसाच्या बंदुका काही काळ काढून घ्यायच्या, असं त्यात होतं. नोरीन त्याच्या बाजूने बोलणार होती, ओडेट विरुद्ध. गावाला हे ठाऊक होतं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. शंभर मैलांचा रस्ता, फेब्रुवारीचा बर्फ, आणि एका गाडीत दोघींची जागा. मतं वेगळी म्हणून कोणी दोन गाड्या काढत नाही.

वावगं होतं ते वेगळंच, आणि ते ओडेटशिवाय कोणाला माहीत नव्हतं. नोरीनच्या नवऱ्याने, वेंडलने, नोव्हेंबरात ज्या रायफलने जीव दिला, ती रायफल त्याआधी साडेतीन महिने ओडेटच्या घरी होती. आणि ओडेटनेच ती स्वतःच्या हाताने त्याला परत दिली होती.

ओडेटचं दुकान म्हणजे या खोऱ्यातलं सगळंच. कॉफी तिथेच, मासे धरायची गांडुळं तिथेच, काडतुसं तिथेच, शिकारीचा परवानाही तिथेच, आणि मागच्या अंगणात मारलेलं हरीण तोलायचा सरकारी काटा. बंदुका मात्र ती विकत नसे. दुकानामागे तिचं घर होतं, आणि घरात तिच्या वारलेल्या नवऱ्याचं, एमिलचं, लोखंडी कपाट. चौदा बंदुका राहतील एवढं मोठं.

अकरा वर्षांपूर्वी एक माणूस मागच्या दाराने आला, हातात बंदूक, आणि म्हणाला, "ओडेट, ही जरा ठेव काही दिवस." त्याची बायको नुकतीच सोडून गेली होती. ओडेटने बंदूक घेतली, कपाटात ठेवली, किल्ली फिरवली. का, कशाला, किती दिवस, एक शब्द विचारला नाही. दोन महिन्यांनी तो आला, बंदूक घेऊन गेला आणि जाताना एक डझन डोनट घेऊन गेला. त्यानंतर माणसं येत राहिली. नोकरी गेलेला, पोरगं गेलेला, दारूने हात थरथरणारा. नियम कोणी ठरवला नाही, पण सगळ्यांना पाठ होता. विचारायचं नाही. लिहून ठेवायचं नाही. कोणाला सांगायचं नाही, आणि बायकोला तर नाहीच नाही. मालक मागायला आला की द्यायची.

या खोऱ्यात तेरा वर्षांची मुलगी रायफल साफ करते आणि ऐंशी वर्षांची म्हातारी उशाशी ठेवते. अशा ठिकाणी ज्याची बंदूक दुसऱ्याच्या कपाटात आहे त्या माणसाकडे लोक कसे बघतील, हे सांगायला नको. बाहेर कळलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून एकही माणूस मागच्या दाराशी फिरकला नसता. म्हणून तोंडाला कुलूप. ओडेटला त्याचा अभिमान होता. बोलून दाखवत नसे, पण होता.

वेंडल हॅच आला तो जुलैत. गावच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायची गाडी तो चालवायचा आणि उन्हाळ्यात कडेचं गवत कापायचा. वसंतात त्याचं काहीतरी बिनसलं. जुलैत नोरीनने त्याला इस्पितळात नेलं, तिथे मनाच्या आजाराच्या वॉर्डात खाट नव्हती. चार दिवस तो तातडीच्या विभागात, बोळात एका स्ट्रेचरवर पडून राहिला. पाचव्या दिवशी त्यांनी गोळ्या दिल्या, घरी पाठवलं आणि मानसोपचाराच्या डॉक्टरची तारीख दिली. तारीख होती डिसेंबरच्या नऊची.

इस्पितळातून आल्यावर आठवड्याभरात तो घोंगडीत गुंडाळलेली रायफल घेऊन मागच्या दारात उभा राहिला.

"ठेवशील?"

"ठेवते."

एवढंच बोलणं झालं. तो पायऱ्या उतरताना कठड्याला धरून उतरला, हे ओडेटने पाहिलं होतं.

मग नोव्हेंबर आला. हरणाचा मोसम बुधवारी सुरू होणार होता आणि सोमवारी वेंडल दुकानात आला. पुढच्या दाराने. दाढी केलेली, केस कापलेले. त्याने परवाना मागितला. ओडेटने स्वतः यंत्रातून छापून दिला, हरणाच्या कानाला बांधायच्या पट्टीसकट. मग त्याने काडतुसांची पेटी घेतली, लोकरी मोजे घेतले, कॉफी घेतली.

"तळ्यावरच्या झोपडीत जातो," तो म्हणाला. वडील गेल्यापासून तो तिथे एकटाच जायचा. "नोरीनने चार दिवसांचं बांधून दिलंय. बीन्सचं भांडं, डुकराच्या मांसाची पाई. लग्नाला निघाल्यासारखं."

"मग काय, राजा आहेस," ओडेट म्हणाली.

तो हसला. खरंच हसला. मग हळूच म्हणाला, "ते माझं..." आणि ओडेट पुढचं ऐकायला थांबलीच नाही. मागे गेली, कपाट उघडलं आणि घोंगडीसकट रायफल आणून दिली.

तिला बरं वाटलं होतं. ज्याने परवाना घेतला, पट्टी घेतली, चार दिवसांची कॉफी घेतली, त्या माणसाला पुढचा आठवडा आहे, असं ती धरून चालली. या खोऱ्यात कोणीही तेच धरलं असतं. उलट मोसम उघडायच्या दिवशी माणसाला रायफलीवाचून घरी बसवायचं म्हणजे त्याच्या दारावर पाटी लावण्यासारखं.

बुधवारी उजाडल्यापासून डोंगरभर बार वाजत होते. त्या दिवशी गोळीचा आवाज आला म्हणून कोणी मान वळवत नाही. नोरीनची वृद्धाश्रमात सकाळची पाळी होती. दुपारी तीनला ती घरी आली आणि लाकडांच्या खोपीचं दार उघडं दिसलं म्हणून लावायला गेली.

बातमी आली तेव्हा ओडेट काट्यापाशी होती. दिवसातलं सातवं हरीण टांगलेलं होतं. तिने ऐकलं, काट्याचा आकडा पाहिला, एकशे ब्याऐंशी पौंड, तो फॉर्मवर लिहिला आणि शिकाऱ्याची सही घेतली. मग आठवं तोललं.

तेव्हापासून तिला काही वाटेनासं झालं होतं. रडू येत नव्हतं, झोप लागत होती, जेवण जात होतं. पायाला मुंग्या आल्या की आपण तो हाताने उचलून बाजूला ठेवतो, तशी ती स्वतःला सकाळी उचलून गल्ल्यामागे ठेवायची आणि रात्री उचलून पलंगावर. अंत्यविधीनंतरच्या जेवणाला ती हॅम घेऊन गेली. नोरीनने तिला मिठी मारली, तेव्हा नोरीनच्या खांद्यावरून ती समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती.

रायफल कुठून आली हे कोणी विचारलंच नाही. बंदूक त्याची, घर त्याचं. अंगात शिकारीचा केशरी कोट होता, म्हणजे निघता निघता काहीतरी डोक्यात आलं असावं, असं गावाने ठरवून टाकलं. ओडेटला खोटं बोलावं लागलं नाही. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि त्यात तिला अकरा वर्षांची सवय होती.

आता या सगळ्यात क्लेटनची भर. क्लेटन बीन हा शिकारी क्लबचा अध्यक्ष, मोठ्या आवाजाचा, मनाने वाईट नाही. एका हिवाळ्यात त्याचीही बंदूक त्या कपाटात होती, म्हणून त्याला ठाऊक. ऑक्टोबरात विधेयकाची कुणकुण लागली तेव्हाच तो आला होता.

"ओडेट, आजवर किती जणांच्या ठेवल्यास?"

"एकतीस."

"त्यातले गेले किती?"

"दोन. एक कॅन्सरने, एक ट्रॅक्टरखाली."

"तसे नाही गं. स्वतःहून."

"एकही नाही."

"बघ! हेच तिथे येऊन सांग. नावं घ्यायची नाहीत. आम्ही आमच्या माणसांची काळजी घेतो, तुमचा न्यायाधीश आमच्या दारात नको. तू बोललीस की ते काँकर्डवाले गार पडतील."

तिने हो म्हटलं होतं. त्या एकतिसात वेंडल धरलेला होता, कारण तेव्हा त्याची रायफल कपाटातच होती. जानेवारीत क्लेटनने टाईप केलेला कागद आणून दिला. अकरा वर्षं, एकतीस माणसं, एकही दगावला नाही. तिने तो घडी घालून ठेवला. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

गुरुवारी सातला नोरीन कोपऱ्यावर उभी होती. काखेत फाइल, हातात कागदात गुंडाळलेली दोन अंड्याची सँडविच.

"तुझ्या पक्षाला माझ्या हातचं चालतं ना?" गाडीत बसता बसता ती म्हणाली.

"मीठ घातलंयस का, त्यावर आहे."

"घातलंय. तू मेलीस तर मला परत कोण आणणार?"

दोघी खात खात निघाल्या. नोरीन बोलत होती. वेंडलच्या जागी आलेल्या नव्या माणसाने बर्फ काढता काढता तीन टपालपेट्या पाडल्या. "आणि वर म्हणतो, पेट्या रस्त्याच्या फार जवळ लावल्यात. चाळीस वर्षं तिथेच आहेत मेल्या. वेंडलने एकीला कधी धक्का लावला नाही." ती हे अगदी सहज बोलली. ओडेट "हं" म्हणाली.

घाट यायच्या आधी नोरीनने फाइल उघडली. "तीन मिनिटंच देतात म्हणे. मी वाचते, तू घड्याळ लाव."

ओडेटने गाडीतल्या घड्याळाकडे पाहिलं. नोरीन वाचू लागली.

"माझं नाव नोरीन हॅच. माझ्या नवऱ्याची रायफल आमच्या तळघरात, कपडे धुवायच्या यंत्राशेजारच्या कपाटात होती. किल्ली त्याच्याकडे असायची. जुलैत तो इस्पितळातून आला तेव्हा डॉक्टरांनी मला विचारलं, घरात बंदूक आहे का? मी म्हटलं, कुलपात आहे. त्यानंतर साडेतीन महिने मी कपडे धुताना रोज त्या कुलपाकडे बघत होते. आत काय आहे ते मला माहीत होतं. किल्ली दे म्हणायला माझी जीभ उचलली नाही. त्याला वाटेल, बायकोचा विश्वास उडाला. म्हणून मी मोजे वाळत घातले आणि वर गेले. रोज. हा कायदा असता तर मला त्याला विचारावं लागलं नसतं. मी दुसऱ्या कोणाला तरी सांगितलं असतं. मी सांगायला हवं होतं. ते कपाट माझ्यासमोर होतं आणि मी..." तिने पान उलटलं. शेवटपर्यंत वाचलं. "किती झाली?"

"दोन मिनिटं चाळीस."

"म्हणजे बसतंय."

"बसतंय."

ते कपाट रिकामं होतं. हे वाक्य ओडेटच्या ओठांपर्यंत आलं. चार शब्द. घाटात दोन्ही बाजूंना कडे, कड्यांवर निळा बर्फ, आणि पुढे बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकणारी गाडी संथ चाललेली. सांगायला एवढी चांगली जागा आणि एवढा वेळ पुन्हा मिळणार नव्हता.

"तुझ्या बाजूची काच वर घे," ओडेट म्हणाली. "गार येतंय."

न सांगण्याला एक कारण होतं, आणि ते खरंही होतं. आज ओडेटच्या कपाटात तिघांच्या बंदुका होत्या. वेंडलचं बाहेर आलं तर ते तिघे उद्याच येऊन घेऊन जातील, आणि त्यातल्या एकाला ती परत देऊ नये असं तिला आतून वाटत होतं. पण त्याखाली दुसरं कारण होतं. नोरीन पुन्हा तिच्या गाडीत बसली नसती. तीन महिने तिला काहीच वाटत नव्हतं, ही भीती तेवढी मात्र वाटत होती.

सुनावणीची खोली खच्चून भरली होती. दारात गुलाबी कार्डं ठेवलेली. नाव, गाव, बाजूने की विरुद्ध. ओडेटने विरुद्धवर खूण केली, नोरीनने बाजूनेवर, एकाच पेनने. मग नोरीन लाल सदरेवाल्यांकडे गेली आणि ओडेट केशरी बिल्लेवाल्यांकडे, जशी लग्नात वरपक्ष-वधूपक्षाची माणसं बसतात.

दोन तास माणसं बोलत राहिली. एक प्राध्यापक आलेख घेऊन आले आणि त्यांच्या आलेखातली माणसं मरत होती आणि वाचत होती, ठिपक्याठिपक्यांनी. एक गृहस्थ दुसऱ्याच राज्यातून आले होते आणि या राज्याच्या परंपरेबद्दल त्यांचा ऊर भरून येत होता. एक आमदार म्हणाले, दोष बंदुकीचा नाही, मनाच्या आजाराचा आहे, खाटा वाढवा, डॉक्टर वाढवा. टाळ्या पडल्या. गेल्या वर्षी खाटांसाठी निधी मागितला तेव्हा याच साहेबांचा हात विरोधात वर होता, असं मागे कोणीतरी कुजबुजलं. मग लाल सदऱ्यातली एक बाई उठली. तिने शिकारी माणसांना अशा काही मायेने समजावून सांगितलं की केशरी बाजूच्या म्हाताऱ्यांनी कानातली यंत्रं काढून ठेवली. जो तो आपल्या घरून उत्तर घेऊन आला होता. प्रश्न कोणाजवळ नव्हता.

नोरीनने दोन मिनिटं चाळीस सेकंदांत वाचलं. रडली नाही. समितीच्या अध्यक्षांनी "तुमच्या दुःखात सहभागी आहोत" म्हटलं आणि पुढचं कार्ड उचललं.

नऊ जणांनंतर ओडेटचं नाव आलं. तिने कागद उलगडला, चष्मा लावला. समोर छोटा हिरवा दिवा लागला.

"ओडेट पेल्की. मी दुकान चालवते. या विधेयकाला माझा विरोध आहे. आमच्या खोऱ्यात आम्ही आमच्या माणसांची काळजी स्वतः घेतो. कोणाचे दिवस वाईट आले तर तो आपली बंदूक माझ्याकडे आणून ठेवतो. मी काही विचारत नाही, काही लिहीत नाही. अकरा वर्षं. एकतीस माणसं."

पुढचं वाक्य टाईप केलेलं, ठळक. तिने ते पाहिलं. क्लेटन तिसऱ्या रांगेत मान हलवून तिला धीर देत होता.

"एक दगावला," ओडेट म्हणाली.

खोलीत कोणीतरी खोकलं.

"पुढचं या कागदावर नाहीये. वेंडल हॅच. जुलैच्या एकोणिसाव्या तारखेला त्याने रायफल माझ्याकडे आणून दिली. स्वतःहून. नोव्हेंबरात, मोसम उघडायच्या आधीच्या सोमवारी तो आला. त्याने परवाना घेतला. मला वाटलं, बरा झाला. मी रायफल परत दिली." तिचा आवाज गोठल्यासारखा सपाट होता, परवान्याचे नियम वाचून दाखवताना असतो तसा. मग तिने मागे वळून पाहिलं. "नोरीन, ते कपाट रिकामं होतं. साडेतीन महिने. त्यात काही नव्हतं."

"बाई," अध्यक्ष म्हणाले, "कृपया समितीशी बोला. प्रेक्षकांशी नाही."

"बरं."

समितीतल्या एका बाईंनी माईक ओढला. "हा कायदा तेव्हा असता, तर तुम्ही रायफल परत दिली नसती ना?"

"मला माहीत नाही. मी न्यायाधीशाकडे गेले नसते. आमच्याकडे कोणी जात नाही."

दुसऱ्या टोकाचे सदस्य खुलले. "म्हणजे या कायद्याने काहीच फरक पडला नसता!"

"तेही मला माहीत नाही. नोरीन तिकडे गेली असती कदाचित."

"मग तुम्ही बाजूने आहात की विरुद्ध?"

"कार्डावर विरुद्ध लिहिलंय."

"ते झालं. आत्ता?"

लाल दिवा लागला. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. "वेळ संपली. पुढचं कार्ड."

बाहेर क्लेटनने तिला गाठलं. तोंड पांढरं पडलेलं. "अगं बाई, मला आधी सांगायचंस ना! मी तो कागद... मी असं लिहिलं नसतं." मग इकडेतिकडे बघून हळू आवाजात, "बाकीच्यांची नावं नाही ना घेणार कुठे?"

"नाही रे."

"माझं काही नाही. बाकीच्यांचं म्हणतोय."

लाल सदऱ्यातली ती मायाळू बाई दोन्ही हात पसरून येत होती. ओडेट "गाडी तापवायचीय" म्हणाली आणि जिना उतरून गेली.

गाडीत बसून तिने इंजिन चालू केलं. परतीच्या वाटेवर नोरीनला न्यायला वीस माणसं तयार होती. तरी ओडेट थांबली. नोरीन येईल असं वाटत नव्हतं आणि येणार नाही असंही वाटत नव्हतं. काचेवरचा बर्फ वितळून खाली आला, ती तो बघत बसली.

अर्ध्या तासाने पलीकडचं दार उघडलं. नोरीन आत बसली, पट्टा लावला, फाइल मांडीवर ठेवली.

"चल," ती म्हणाली.

साठ मैल गेले. घाटात शिरल्यावर नोरीनने समोर बघत विचारलं, "जुलैत? स्वतःच आणली?"

"हो."

"तू मागितली नव्हतीस?"

"नाही. घोंगडीत गुंडाळून आणली."

"हिरव्या?"

"हिरव्या."

"ती मी शोधत होते." नोरीनने मांडीवरची फाइल पायाशी ठेवली. "म्हणजे त्याने आधीच... मी ज्याला भीत होते ते त्याने आधीच घराबाहेर नेऊन ठेवलं होतं. जगायचं म्हणून. आणि मला बोलला नाही."

"कोणीच बोलत नाही बायकोला."

"आणि तू?"

"मीही नाही. नियम तसा होता."

"नियम," नोरीन म्हणाली. रागाने नाही. कुठल्याशा गावाचं नाव वाचावं तसं. मिठाची गाडी समोरून येऊन गेली. मग तिने विचारलं, "नेताना काय म्हणाला?"

ओडेटने आठवून सांगितलं. तिला शब्द न् शब्द पाठ होता. "म्हणाला, तळ्यावरच्या झोपडीत जातो. नोरीनने चार दिवसांचं बांधून दिलंय. बीन्सचं भांडं आणि पाई. लग्नाला निघाल्यासारखं, म्हणाला. हसत होता. तू बांधून दिलंयस म्हटल्यावर मला वाटलं, तुला सगळं ठाऊक आहे."

नोरीन तिच्याकडे वळली. आज दिवसभरात पहिल्यांदा.

"मी काही बांधलं नव्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"मला म्हणाला, यंदा जात नाही. गुडघा दुखतोय, घरीच राहतो तुझ्याजवळ. सोमवारीच म्हणाला, संध्याकाळी. मला इतकं बरं वाटलं ना. मी सफरचंदाचा केक केला त्या दिवशी."

फोन गल्ल्याच्या शेजारीच असतो. नोरीनचा नंबर ओडेटला तोंडपाठ होता. त्या सोमवारी वेंडल दुकानाबाहेर पडल्यावर तिने सहज तो फिरवला असता, अगं, बीन्स कशात शिजवलेस एवढंच विचारायला, तरी पुरे झालं असतं. त्याला ना समिती लागत होती, ना न्यायाधीश. आणि तिने फोन केला नाही, कारण बायकोला सांगायचं नाही, हे ती अकरा वर्षं मोठ्या अभिमानाने पाळत आली होती.

मुंग्या आलेल्या पायात रक्त परतावं तसं ओडेटला दुखू लागलं. आधी बोटं, मग मनगटं, मग सगळं अंग. ते इतकं दुखलं की ती मोठ्याने विव्हळली. तिने गाडी कडेला घ्यायला इशाऱ्याचा दिवा लावला.

नोरीनने हात पुढे करून तो बंद केला.

"थांबू नकोस," ती म्हणाली. "घरी ने मला."